दहा हजार दंड अन् सहा महिने लायसन बंद: दारूवाल्याले आळा बसते का गरिबाचीच वाट लागते?

कळमन्याचा टेम्पोवाला

राम राम मंडळी. कोणाले पटन, कोणाले नाई पटन, पण डोक्यात बसून आहे म्हणून लिहून राहिलो. माझ्या तीन गाड्या आहेत, नागपूरच्या कळमना मार्केटातून माल उचलतो, संत्रा, कांदा, मिरची, जे भेटन ते. यंदा पोळ्याच्या करीले, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, माझ्या ड्रायव्हरनं घरीच बसून घेतली, पाव्हण्यासोबत रात्री एक वाजेपर्यंत चालली त्याची, मग झोपला. गाडीले हात नाई लावला. सकाळी पाच वाजता उठून गाडी काढली, अन् रिंग रोडवर नाकाबंदी. फुंक म्हणे. फुंकलं तर आकडा ६२, म्हणजे १०० मिलि रक्तात ६२ मिग्रॅ दारू, अन् लिमिट ३० ची. हा म्हणते साहेब मी कालची पिलो आहे. आता कालची का आजची हे मशीनले काय समजते.

कोर्टात दहा हजार दंड अन् लायसन सहा महिने बंद. पगार त्याचा चौदा हजार. अन् त्याच लाइनमधी एक पोट्टा होता, हातात मोठ्या गाडीची चावी फिरवून राहिला, तिथूनच बापाले फोन, "पपा, दस भेज दो", भरले अन् निघाला. त्याले दहा हजार म्हणजे एका रात्रीचं टेबल. लायसन त्याचंही गेलं असन, पण त्याच्या घरी ड्रायव्हर आहे ना बाप्पा. माझ्या माणसाचं लायसन म्हणजेच त्याचं पोट. आता टीव्हीवर रोज कोणीतरी म्हणते दंड अजून वाढवा, पन्नास हजार करा. करा ना. कोणाले लागन तो, सांगा.

रात्रपाळीवाली

काका, रागवू नका. मी कॅज्युअल्टीत नर्स आहे, कुठल्या हॉस्पिटलात ते सोडा. तुमच्या आकड्याचाच हिशोब करते. शरीरातून दारू तासाला साधारण १५ या वेगाने उतरते, त्यात लिंबूपाणी, दही, थंड पाण्याची आंघोळ, कशानेच काही फरक पडत नाही. पाचला ६२ म्हणजे एक वाजता तो १२० च्या वर होता. म्हणजे "थोडी घेतली" नव्हती. आणि ३० च्या खाली यायला त्याला सात वाजून गेले असते. झोपला म्हणून उतरली असं नसतं हो, पाच वाजता लोडेड टेम्पो रस्त्यावर आणला तेव्हा तो प्यायलेलाच होता.

आणि पाच वाजता रस्त्यावर कोण असतं? मोठ्या गाडीवाला पोट्टा तेव्हा घोरत असतो. तेव्हा दूधवाला असतो, पेपरवाला असतो, एमआयडीसीतून रात्रपाळी करून येणारा असतो, सायकलवरचा वॉचमन असतो. आमच्याकडे स्ट्रेचरवर तेच येतात. तुम्ही गरिबाची बाजू घेताय, चांगलं आहे, पण गरीब दोन्हीकडे असतो ना.

कळमन्याचा टेम्पोवाला

ताई तुमचा हिशोब बरोबर आहे, मले १५ चं गणित माहीत नव्हतं हे कबूल. पण माझा मुद्दा तो पिला होता का नव्हता हा नाईच. मुद्दा असा की सजा दोघाले सारखी नाई पडली.

काळा कोट

कायदा काय म्हणतो तो आधी नीट बघू, कारण अर्धे लोक चालान आणि केस यात गोंधळ करतात. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. १०० मिलि रक्तात ३० मिग्रॅच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पूर्वी पहिल्या वेळी २ हजारांपर्यंत दंड होता, १ सप्टेंबर २०१९ पासून तो १० हजार झाला, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर १५ हजार किंवा दोन वर्षांपर्यंत कैद. आपल्या राज्याने हेल्मेट-सिग्नलचे वाढीव दंड लगेच घेतले नाहीत, ते डिसेंबर २०२१ मध्ये आले, पण दारूचं प्रकरण त्या तडजोडीच्या यादीत बसतच नाही, ते जागेवर मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं. आणि दोषी ठरला की लायसन किमान सहा महिने जातंच.

मला विचाराल तर दंडापेक्षा लायसनचीच सजा खरी, ती पैशाने मिटत नाही. काकांचा मुद्दा मात्र तिथेच जास्त लागू होतो, हेही खरं. चालवणं हाच ज्याचा धंदा त्याला ती सजा दहापट पडते. पण उलट बाजूने बघा, चालवणं हाच ज्याचा धंदा त्याच्याकडून अपेक्षाही जास्तच नको का?

धरमपेठी

आता मी बोलतो आणि शिव्या खातो. ३० ची लिमिटच अतिरेकी आहे. इंग्लंडमध्ये ८० आहे, ते काय मूर्ख आहेत का. इथे माणूस एक बीअर घेऊन वेस्ट हायकोर्ट रोडवरून गोकुळपेठेत दहा मिनिटांत हळू हळू घरी जातो आणि त्याला गुन्हेगार बनवतात, आणि बाजूने पोट्टा ट्रिपल सीट सत्तरच्या स्पीडने कट मारून जातो त्याला कोणी विचारत नाही. सरकारचेच आकडे बघा, २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ लोक गेले, त्यात ओव्हरस्पीडिंगचे ७१ टक्के आणि दारू-नशेचे अडीच टक्क्यांच्या आसपास. अडीच! मग सगळा जोर दारूवर कशाला, कारण शनिवारी रात्री बारच्या बाहेर उभं राहिलं की केसेस सोप्या मिळतात.

रात्रपाळीवाली

त्या अडीच टक्क्यांचं मला विचारा. पेशंटला सलाईन लागायच्या आधी नातेवाईक डॉक्टरला बाजूला घेतात, "सर, तेवढं वासाचं लिहू नका ना." कारण केसपेपरवर "तोंडाला दारूचा वास" एवढे शब्द आले की पोलीस केस जड होते आणि इन्शुरन्स अडकतो. प्रत्येक वेळी हेच. हातात हाडं दिसत असतात आणि आधी हे. कधी रक्त घ्यायलाच उशीर होतो, तोवर उतरलेली असते. कधी माणूसच गेलेला असतो. मग कागदावर काय येतं, "वाहन भरधाव होते". झालं, तुमच्या ७१ टक्क्यांत एक वाढला. आणि भरधाव का होतं हे कोणी विचारायचं?

महालवाला

हाव, पुण्याचं आठवा ना. मे २०२४, पोर्शे, दोन इंजिनियर पोरं गेली, अन् जामिनाच्या अटीत ३०० शब्दांचा निबंध. मग रक्ताचे नमुनेच बदलले असा आरोप झाला अन् ससूनचे डॉक्टर अटकेत गेले. अन् पुण्याले कायले नावं ठेवता, आपल्या इथी त्याच साली फेब्रुवारीत राम झुला पुलावर मर्सिडीजनं दोन पोट्टे उडवले, आधी जामीन होईन असं कलम, लोक बोंबलले तेव्हा सदोष मनुष्यवधाचं लागलं. दंड दहा हजार का दहा लाख, ज्याच्या मागं वकील-डॉक्टर उभा करायचा पैसा आहे त्याच्यापर्यंत तो पोहोचतच नाई बे.

काळा कोट

हे दोन वेगळे विषय आहेत पण लोक एकत्र करतात. नुसतं पिऊन चालवणं वेगळं आणि पिऊन कोणाला मारणं वेगळं. जुन्या दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यूला कमाल दोन वर्षं होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १०६ मध्ये ती पाच वर्षं झाली. सदोष मनुष्यवध लागला तर मोठी शिक्षा होऊ शकते. होते का हा वेगळा प्रश्न. मुंबईत कार्टर रोडवर २००६ ला फुटपाथवर झोपलेले सात जण गेले, सुप्रीम कोर्टाने २०१२ ला त्यात तीन वर्षांची शिक्षा कायम केली. सात जीव, तीन वर्षं, आणि शेवटचा निकाल लागायला पाच वर्षांच्या वर. म्हणून कलम कितीही कडक लिहा, ते रस्त्यावर कोणाला आठवत नाही.

एक गोष्ट मात्र आहे. अटक केल्यापासून दोन तासांत मेडिकल तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सोडून द्यावं लागतं, आणि फुंकायला नकार दिला तर तोही कोर्टात विरोधात जातो. कायदा बनवणाऱ्याने विचार केला होता हो. घोडं अडतं ते त्या दोन तासांत.

वर्धेकर

आमच्याकडे या. सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, बापूंचा जिल्हा. प्यायची थांबली का? लोक गाडी काढून बुटीबोरीकडे जातात, पितात आणि वर्धा रोडने झिंगत परत येतात. म्हणजे घराजवळ पिऊन पायी गेला असता तो माणूस बंदीनेच हायवेवर आणून सोडला. चंद्रपूरला २०१५ ला बंदी केली, २०२१ ला उठवली. आणि हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारू विकायची नाही हे सुप्रीम कोर्टाचं आठवतं का, २०१७ पासून लागू झालेलं? मग रस्त्याचंच नाव बदला, वर्गीकरण बदला, असं सगळीकडे चाललं.

संत्रानगरी

अन् हे दहा हजारवालं बिल आणलं कोणी, आपल्याच नागपूरच्या खासदारानं. गडकरी साहेब रस्ते असे बनवते की पोट्ट्याले १२० शिवाय चालवताच येत नाई, मग दंडही त्याहीनंच वाढवायचा.

परदेशी नागपूरकर

काकांच्या मूळ प्रश्नाला उत्तर आहे जगात. फिनलंडमध्ये मोठ्या गुन्ह्यांचा दंड उत्पन्नावर लागतो, नोकियाच्या एका मोठ्या अधिकाऱ्याला बाईक जोरात चालवली म्हणून एक लाख युरोच्या वर दंड झाला होता.

कळमन्याचा टेम्पोवाला

हे मले आवडलं. पण इथी उत्पन्न दाखवते कोण? आमच्या मार्केटात करोडचा माल हलवणारा कागदावर माझ्यापेक्षा गरीब आहे. त्यापेक्षा गाडीच्या किमतीवर लावा, ती तर लपत नाई. गाडीच्या किमतीच्या दोन टक्के घ्या.

धरमपेठी

मग तुमच्या टेम्पोचे किती होतील काका? दहा हजारच्या वरच जातील हो. आणि गाडी तर तुमच्या नावावर, ड्रायव्हरच्या नाही.

कळमन्याचा टेम्पोवाला

हे लक्षातच नाई आलं.

रिटायर हवालदार

पोट्टेहो, सगळं वाचलं. नोकरी कोणत्या शहरात केली ते विचारू नका, पण रात्रीच्या नाकाबंदीत लय वर्षं उभा राहिलो आहे. दंड दोन हजार होता तेव्हा लोक बाजूला घेऊन पाचशेची गोष्ट करत. दहा झाला तेव्हा दोन हजारची करू लागले. दंड वाढला की चहापाणीही वाढते, हे कोणी लिहिलं नाई म्हणून लिहितो. सगळे घेत नाई, पण घेणाऱ्याचा भाव सरकारनंच वाढवला.

दुसरं. नाकाबंदी लागली की पहिला अर्धा तास. तेवढ्यात जे सापडले ते सापडले. मग ग्रुपवर मेसेज फिरते, "अमुक चौकात मामा उभे आहेत", की गाड्या आधीच्या गल्लीतून वळते. अन् जागा ठरलेल्या, वार ठरलेले, ३१ डिसेंबर अन् धुळवड ठरलेली. नेहमीच्या पिणाऱ्याले आमच्यापेक्षा पाठ. कुठंही, कधीही, दुपारी तीन वाजताही फुंकायला लावाल तर दोन हजारातही लोक भितीन. न्यू साउथ वेल्समधी १९८२ पासून असंच करते म्हणे, मुलगा सिडनीले आहे तो सांगते, कोणालेही थांबवते, वास आला का नाई विचारत नाई, अन् मेलेल्यांचा आकडा खाली आला. आपल्याकडं चौकात चार माणसं अन् एक मशीन. तिची नळी संपली की घरी जा.

अन् धरमपेठी, तुह्या "हळू हळू घरी जातो" वर एक सांगतो. हळू जाणारा पिलेलाच आम्ही आधी पकडत होतो. रिकाम्या रस्त्यावर वीसच्या स्पीडनं, दोन्ही हातानं स्टिअरिंग घट्ट धरून, मान पुढं. शुद्धीतला माणूस असा चालवते का?

धरमपेठी

हाहा, काका तुम्ही जिंकलात. पण एक खरं सांगा, ज्याला चालवायची नाही त्याने करायचं काय? मेट्रो दहाच्या सुमारास झोपते, परमिट रूम दीडपर्यंत चालू. ओला-उबेर रात्री एकला मानेवाड्याचं नाव ऐकलं की कॅन्सल. आणि मी एकदा शहाणपणा केला, गाडी बाहेर ठेवून ऑटोने गेलो, दोनशे दिले. सकाळी येऊन बघतो तर गाडी टोइंगवाल्यांनी उचललेली, जागेवर नुसता खडूचा नंबर. म्हणजे चालवली तर दहा हजार, नाही चालवली तरी दंड. तेव्हापासून गाडी ठेवून जायची हिंमत नाही होत, खोटं कशाला बोलू.

रात्रपाळीवाली

हा मुद्दा मात्र मला पटला, पहिल्यांदाच तुमचं काहीतरी पटलं. रात्री बारच्या जवळ लावलेली गाडी सकाळी दहापर्यंत उचलू नका, एवढं करायला कायदा बदलायची पण गरज नाही. बारवाल्यांनाच पार्किंगची जबाबदारी द्या, परवाना घेताना लिहून घ्या. पण म्हणून तुमची त्यानंतरची प्रत्येक शनिवारची रात्र माफ होत नाही हं. टोइंगचा दंड भरून माणूस घरी जातो.

वर्धेकर

ताई बारवाल्यावर घसरल्या. चांगलं आहे, त्याला या सगळ्यात कोणी धरतच नाही. गिऱ्हाईक टुन्न होऊन चावी शोधत असतं आणि हा बिलावर बडीशेप ठेवतो.

काळा कोट

काका, तुमच्या ड्रायव्हरचं पुढे काय झालं ते नाही सांगितलंत.

कळमन्याचा टेम्पोवाला

आहे माझ्याजवळच. गाडीवर नाई, खाली, माल चढवाले-उतरवाले. रोजी कमी पडते. बायको आली होती त्याची, मले वाटलं पगार वाढवा म्हणन, तर म्हणे "भाऊ, लायसन भेटलं तरी पुढच्या करीच्या दुसऱ्या दिवशी ह्याले सकाळच्या फेरीले बोलवू नका." मी तेच करायले पाह्यजे होतं यंदाही. मलेही माहीत होतं ना कर आहे म्हणून, अन् पाचची फेरी मीच लावली होती. ताईनं १२० चा आकडा काढला तेव्हापासून ते डोक्यात आहे. पण सजा दोघाले सारखी पडली असं मी अजूनही म्हणणार नाई.

संत्रानगरी

एवढं सगळं झालं, आता हवालदार काका, आज शनिवार आहे, नाकाबंदी कुठी आहे तेवढं सांगून टाका.

रिटायर हवालदार

तू निघ ना घरून, भेटनच.