शहराने नेमलेला लॉबिस्ट: मराठीत काय म्हणायचं?

धागाकर्ती:
नमस्कार मंडळी, मी डॅलसच्या उत्तरेकडच्या एका गावात राहते. इथल्या मराठी ग्रुपवर सिटी कौन्सिलमधे काय ठरलं ते मी थोडक्यात मराठीत लिहून टाकते, कारण ग्रुपवर भारतातून आलेले आईवडील, सासूसासरेही बरेच आहेत आणि घरावरचा टॅक्स का वाढला, रस्ता कधी होणार यात त्यांना आपल्यापेक्षा जास्त रस असतो. आता अडलंय ते असं की शहराने ऑस्टिनला, म्हणजे टेक्सासच्या राजधानीत, विधिमंडळापुढे आपली बाजू मांडायला एक फर्म कॉन्ट्रॅक्टवर घेतली. मी लिहिलं "शहराने लॉबिस्ट नेमला", तर लगेच एका काकांचा मेसेज, "म्हणजे बिल्डर लॉबीचा माणूस का?" आणि एका मावशींनी विचारलं की सरकारच सरकारला पैसे चारतं का. त्या दोघांना तसं वाटणं अगदी साहजिक आहे, आपल्याकडे हा शब्द त्याच वासाचा आलाय. तर स्थानिक सरकारच्या संदर्भात काय वापरावं? दलाल, मध्यस्थ, दबावगट, प्रतिनिधी, सल्लागार, काहीही सुचवा पण कारणासकट सांगा.

प्रतिसाद:
दलाल आणि दबावगट दोन्ही बाद करा. मराठीत 'लॉबी' समूहासाठी येतो, साखर लॉबी, बिल्डर लॉबी, आणि 'लॉबिंग करणे' हे मंत्रिपदासाठी, तिकिटासाठी, कुलगुरूपदासाठी सुद्धा वापरतात, म्हणजे स्वतःच्या फायद्यासाठी आतून केलेली मोर्चेबांधणी. तुमच्याकडचा लॉबिस्ट हा उघड पेशा आहे. टेक्सासमधे त्याला एथिक्स कमिशनकडे नाव नोंदवावं लागतं, क्लायंट कोण आणि मानधन साधारण किती ते जाहीर करावं लागतं, शिवाय शहराचा करार असेल तर तो कौन्सिलच्या खुल्या सभेत मंजूर होतो. दलाल म्हणालात की वाचणारा निकाल लावूनच पुढचं वाक्य वाचणार.

प्रतिसाद:
शब्दाच्या उगमाबद्दल ती प्रेसिडेंट ग्रँट आणि वॉशिंग्टनच्या विलार्ड हॉटेलची गोष्ट, की हॉटेलच्या लॉबीत लोक ग्रँटना कामं घेऊन गाठायचे आणि त्यावरून हा शब्द आला, कोणी टाकायच्या आधीच सांगतो, ती खरी नाही. ग्रँट १८६९ मधे प्रेसिडेंट झाले, आणि न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीत, आल्बनीला, 'लॉबी एजंट' त्याच्या कितीतरी आधीपासून फिरत होते. सभागृहाबाहेरच्या दालनात उभं राहून सभासदांना गाठायचं, म्हणून लॉबी. आणि या चर्चेपुरतं महत्त्वाचं हे की अमेरिकेत हा शब्द रुळला तो राज्याच्या विधिमंडळाभोवतीसुद्धा, एकट्या वॉशिंग्टनमधे नाही.

प्रतिसाद:
शब्द ठरवायच्या आधी काम काय आहे ते बघू, कारण शहराला हे करावं का लागतं हेच आपल्या लोकांना माहीत नसतं. अमेरिकेच्या राज्यघटनेत शहर हा शब्दच नाही. केंद्र आहे, राज्यं आहेत, शहर म्हणजे राज्याने कायद्याने जन्माला घातलेलं लेकरू. १८६८ मधे आयोवाचे जज्ज जॉन डिलन यांनी स्पष्ट लिहून ठेवलं की नगरपालिकेला तेवढेच अधिकार जेवढे विधिमंडळ देईल, आणि दिलेलं काढूनही घेता येतं. १९०७ ची पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्गची केस तर वाचवत नाही. शेजारचं ॲलेगनी नावाचं वेगळं शहर पिट्सबर्गमधे विलीन करायचं ठरलं, ॲलेगनीच्या बहुसंख्य मतदारांचा विरोध होता, पण राज्याच्या कायद्याने दोन्ही शहरांची मतं एकत्र मोजली आणि मोठ्या शहराच्या मतांत छोटं शहर बुडालं. लोक सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, कोर्ट म्हणालं राज्याची मर्जी. एक अख्खं शहर नकाशावरून गेलं आणि त्याला दाद मागायला जागा नव्हती. आता सांगा, ज्याचं अस्तित्वच राजधानीतल्या एका बिलावर अवलंबून आहे त्याने तिथे आपला माणूस ठेवू नये का?

त्यात टेक्सासचं विधिमंडळ दोन वर्षातून एकदा भरतं, विषम वर्षात, जास्तीत जास्त १४० दिवस, आणि तेवढ्यात हजारो बिलं येतात. कुठल्यातरी बिलाच्या मधल्याच एका ओळीत तुमच्या शहराचा पाण्याचा दर ठरवायचा अधिकार जाऊ शकतो. एल पासो ऑस्टिनपासून नऊशे किलोमीटरच्या वर, टाइमझोनसुद्धा वेगळा, तिथल्या मेयरने काय समितीच्या प्रत्येक सुनावणीला गाडी काढायची? २०२३ चं हाऊसमधलं, म्हणजे विधिमंडळाच्या खालच्या सभागृहातलं, बिल २१२७ आठवा, ज्याला विरोधकांनी 'डेथ स्टार' नाव ठेवलं होतं. राज्याच्या कायद्याच्या कितीतरी विषयांवर शहरांनी वेगळे नियम करायचे नाहीत असं ते बिल. ऑस्टिन आणि डॅलसमधे बांधकाम मजुरांना दर चार तासांनी दहा मिनिटं विश्रांती द्यायचा नियम होता, पाणी प्यायला, सावलीत बसायला. टेक्सासच्या जुलैमधे छपरावर काम करणाऱ्या माणसाची ती दहा मिनिटं त्या बिलाच्या तावडीत आली. शहराने नेमलेला माणूस तिथे जाऊन हेच सांगत असतो, की साहेब या ओळीमुळे आमच्याकडे असं असं होईल. मला तर हे दबाव वगैरे वाटत नाही, म्हणणं मांडणं वाटतं. 'शहराचा राजधानीतला प्रतिनिधी' म्हणा आणि मोकळ्या व्हा.

प्रतिसाद:
वरचा प्रतिसाद मनापासून आवडला, पण दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी. मी ह्यूस्टनला असते आणि मला हे पटत नाही. २०१९ मधे सिनेटमधलं, म्हणजे वरच्या सभागृहातलं, बिल २ आलं, त्याने शहर आणि कौंटीला (आपल्या जिल्ह्यासारखी) प्रॉपर्टी टॅक्सचं उत्पन्न मतदारांना न विचारता वर्षाला ८ टक्क्यांपर्यंत वाढवता यायचं ते ३.५ टक्क्यांवर आणलं. घरमालक म्हणून मला ते हवं होतं. शहरं विरोधात होती आणि त्यांचे लॉबिस्ट विरोधात बोलले, म्हणजे माझाच टॅक्स, माझ्या टॅक्सवरच्या मर्यादेच्या विरोधात. मला कोणी विचारलं होतं? राज्याच्या स्वतःच्या खात्यांना सरकारी निधीतून लॉबिस्ट नेमायला टेक्सासमधे कायद्यानेच बंदी आहे, मग शहरांना मोकळीक का? आणि शहरातून निवडून दिलेले आमदार आहेत की, त्यांनी मांडावं. 'प्रतिनिधी' शब्द मला म्हणूनच चुकीचा वाटतो, प्रतिनिधी निवडलेला असतो, हा नेमलेला आहे.

प्रतिसाद:
नेमलेला विरुद्ध निवडलेला हा मुद्दा बरोबर आहे, तो शब्दात दिसायलाच पाहिजे. पण आमदार बघतील हे म्हणायला सोपं. आमदाराचा मतदारसंघ आणि शहराची हद्द एक नसते. मोठ्या शहराचे तुकडे पंधरा मतदारसंघांत, आणि छोटं गाव एका मतदारसंघाच्या कोपऱ्यात, आमदार ऐकणार पक्षाचं आधी.

शहरांच्या लॉबिंगवर बंदी आणायचे प्रयत्न चालू आहेतच. २०१९ मधे सिनेटने बिल पास केलं, हाऊसने ८५ विरुद्ध ५८ ने पाडलं. नंतर २०२१, २०२३, २०२५ तिन्ही वेळा सिनेटमधे पास, हाऊसमधे अडकलं, २०२५ च्या उन्हाळ्यातल्या खास अधिवेशनाच्या यादीतही गव्हर्नर ॲबट यांनी तो विषय घातला होता. शब्दांकडे बघा. बंदी हवी असलेले म्हणतात 'करदात्यांच्या पैशाने लॉबिंग', शहरांची संघटना टेक्सास म्युनिसिपल लीग त्याच बंदीला म्हणते 'गावांची मुस्कटदाबी', आणि शहरं स्वतःच्या ऑफिसात त्या विभागाला नाव देतात 'आंतरशासकीय संबंध'. तिघांनी तीन शब्द घेतले तिथेच भांडणाची बाजू ठरली. तुम्ही ग्रुपवर लिहिताना कोणाच्याच बाजूचा शब्द घेऊ नका.

आणि बंदीत लीगची वर्गणी पण आली तर मरण छोट्या गावांचं. मोठी शहरं काहीतरी मार्ग काढतील, पगारी माणूस ठेवतील. तीन हजार वस्तीच्या गावाला स्वतःचा लॉबिस्ट आजही परवडत नाही, त्यांना लीगकडून कळतं कुठलं बिल आलंय ते. आत्ताच लॉबिंगचा फायदा श्रीमंत शहरांना जास्त होतो, राज्याचा निधी त्यांच्याकडे जास्त वळतो असं तिकडच्या अभ्यासातही दिसलंय. माझी खरी काळजी ती आहे.

प्रतिसाद:
तटस्थ शब्द हवा असेल तर टेक्सासच्या कायद्यातच बघा. २०१९ पासून तिथल्या शहरांना, कौंट्यांना बजेटमधे लॉबिंगवरच्या खर्चाची वेगळी ओळ दाखवावी लागते, मागच्या वर्षीचा खर्च शेजारी. आणि त्या कलमात 'कायद्याच्या किंवा प्रशासकीय कारवाईच्या निर्णयावर थेट किंवा आडून प्रभाव टाकणे अथवा तसा प्रयत्न करणे' अशी लांबलचक क्रिया सांगितली आहे. धागाकर्तीताई, तुमच्या शहराच्या बजेटच्या पीडीएफमधे ती ओळ शोधा आणि आकडा ग्रुपवर टाका. लोकांना शब्दापेक्षा आकडा लवकर कळतो.

प्रतिसाद:
महाराष्ट्रात याला एकच शब्द आहे, पाठपुरावा. मी दोन टर्म नगरसेवक होतो. "मंत्रालयात पाठपुरावा चालू आहे" हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन. पाणी योजनेची फाइल नगरविकास खात्यात, मग आधी नगराध्यक्षांचं पत्र, मग आमदारांचं पत्र, मग शिष्टमंडळ, मग खेटे. पैसे देऊन माणूस ठेवायची पद्धत नाही, नोंदणीचा कायदाही नाही, जे काही होतं ते वजनावर आणि ओळखीवर होतं, आणि त्याचा हिशोब कुठल्याही बजेटमधे नसतो. मला विचाराल तर तुमच्या तिकडची नोंद असलेली पद्धत बरी.

एक फरक मात्र तुमच्या ग्रुपला जरूर सांगा. आपल्याकडे शहरांचे आवाज सभागृहाच्या आतच बसवायची सोय घटनेने केली आहे. विधानपरिषदेच्या ७८ जागांपैकी २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघाच्या, मत देणारे नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य. अमेरिकेतल्या राज्यांत असं काही नाही. पण त्या २२ जणांनी नगरपालिकांची बाजू म्हणून किती वेळा तोंड उघडलं? ती निवडणूक कशी होते हे मतदान केलेल्या माणसाला विचारू नका. आणि मधे पालिकांच्या निवडणुकाच वर्षानुवर्षं रखडल्या तेव्हा मतदारच उरले नाहीत, त्यातल्या बऱ्याच जागा रिकाम्या पडल्या.

प्रतिसाद:
पाठपुरावा छान, पण ते काम झालं, करणाऱ्याला काय म्हणायचं? मी 'वकील' सुचवतो, जुन्या अर्थाने. पेशवाईत वकील म्हणजे दुसऱ्या दरबारात कायमचा राहणारा, पगारी, आपल्या धन्याची बाजू मांडणारा आणि तिथली बातमी रोज लिहून पाठवणारा माणूस. दिल्लीला हिंगणे घराणं, निजामाकडे गोविंदराव काळे. हुबेहूब तेच काम, नेमलेलाच, आणि सगळ्यांना माहीत असलेला. लपून काही नाही.

प्रतिसाद:
अर्थाने चपखल आहे, पण आज वकील म्हटलं की कोर्ट. ग्रुपवरचे काका विचारतील शहरावर केस झाली का.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार, बजेटमधली ओळ आज रात्रीच शोधते. मी असं लिहिणार आहे: "विधिमंडळात शहराची बाजू मांडण्यासाठी आणि पाठपुराव्यासाठी कौन्सिलने नोंदणीकृत लॉबिस्ट नेमला आहे, त्याचं वर्षाचं मानधन इतकं." लॉबिस्ट शब्द ठेवते, कारण इथे ते अधिकृत नाव आहे आणि लोकांना तो शब्द पुढे बातम्यांत भेटणारच, पण काम काय ते त्याच वाक्यात आलं पाहिजे, नेमलेला आहे आणि पैसे किती तेही. ह्यूस्टनच्या ताई, तुमचा मुद्दा डोक्यात ठेवूनच आकडा घातलाय.

अजून एक अडलंय. समितीपुढे साक्ष द्यायला नाव नोंदवताना तीन पर्याय असतात, बिलाच्या बाजूने, विरोधात, आणि तिसरा नुसता 'ऑन'. शहराचा पाणी खात्याचा इंजिनिअर वगैरे बऱ्याचदा तिसऱ्यात नाव घालतो. 'तटस्थ' लिहिलं तर त्याला काही मत नाही असं वाटतं.

प्रतिसाद:
माहितीस्तव. मंत्रालयातल्या प्रत्येक टिपणीवर असतो तो शब्द. "बिलावर माहितीस्तव साक्ष."