रुंद पायांच्या सायकलस्वारांनो, बूट कसे निवडलेत? (अनुभव धागा)

साताऱ्यात सायकल चालवणारे आता चिकार झालेत. रविवारी पहाटे यवतेश्वरच्या घाटात दिव्यांची रांगच लागलेली असते. गिअर, टायर, हेल्मेट यांवर सगळे भरभरून बोलतात, पण बुटांचा विषय निघाला की निम्म्या लोकांचं गाऱ्हाणं एकच: चवड्यात आवळतात. रोड सायकलिंगचे बरेच बूट टोकाकडे निमुळत्या साच्यावर बेतलेले असतात. आपल्यातल्या कितीतरी जणांचं लहानपण अनवाणी नाहीतर चपलांत गेलं. चवडा पसरलेला, बोटं मोकळी. घालून बघायचे म्हटलं तर पुणं गाठावं लागतं. म्हणून हा धागा. तुमचा पाय कसा आहे, काय घेतलंत, काय सोसलं, काय जमलं, सगळं सविस्तर लिहा.

सुरुवात मी करते. माझं पाऊल लांबीला 26 सेंटीमीटर, चवड्यात 10.8. पूर्वीच्या बुटांत सज्जनगड फाटा मागे पडला की करंगळीकडची बाजू जळायला लागायची आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्या दिसेपर्यंत मधली दोन बोटं बधिर. एका फिजिओथेरपिस्टनी कारण नीट समजावलं. पाऊल दोन्ही बाजूंनी दाबलं गेलं की चवड्याच्या हाडांमधून बोटांकडे जाणाऱ्या नसा चिमटतात. चालताना पाऊल उचललं जातं, तेवढी नसांना उसंत मिळते. क्लीटमध्ये, म्हणजे बुटाच्या तळाला लावलेल्या आणि पेडलमध्ये अडकणाऱ्या तुकड्यामुळे, पाय तासन् तास एकाच जागी, चढावर त्यावर जोर जास्त, आणि उन्हात पाय सुजतात ते वेगळंच.

आता शिमानोचे वाइड साच्यातले 42 नंबरचे बूट आहेत. नंबर तोच, चवड्यात जागा जास्त. ठोसेघरहून परत येते तेव्हा बोटं हलवता येतात, आणि माझ्यासाठी तीच खरी कसोटी आहे.

मापाबद्दल एक कळकळीनं सांगते. पाय संध्याकाळी मोजा, सकाळी नाही. सायकलिंगचे मोजे घालून कागदावर पूर्ण भार टाकून उभं राहा, पेन्सिल अगदी सरळ उभी धरून दुसऱ्या कुणाकडून कड आखून घ्या. आपणच वाकून आखलं तर भार सरकतो आणि पेन्सिल पावलाखाली तिरकी जाते. मग अंगठ्याच्या मुळाशी जो उंचवटा येतो तिथपासून करंगळीच्या मुळाशी येणाऱ्या उंचवट्यापर्यंत मोजा. दोन्ही पाय मोजा, मोठा निघेल त्याचं माप धरा. कंपनीच्या तक्त्यात रुंदीचा आकडा दिलेला नसेल, तर मागवण्याआधी विचारून घ्या.

कोरेगावहून, शेतकरी
ताई, आमचं पाय आल्याच्या रानात अनवाणी फिरून वाढलेलं. रोडच्या बुटात पाऊल शिरायचंच नाही, शिरलं तरी करंगळी दुमडायची. मी सरळ माउंटन सायकलचे बूट घेतले, दोन स्क्रूच्या क्लीटचे. पेडल बी तसलंच बसवलं. ह्या बुटांत पुढं जागा ऐसपैस असते. क्लीट तळव्याच्या खोबणीत असते, त्यामुळं रहिमतपुरात चहाला उतरलं तरी माणसासारखं चालता येतं. रोडच्या तीन स्क्रूवाल्या क्लीट फरशीवर घसरत्यात, झिजत्यात. वजन थोडं जास्त असंल, पण मला शर्यत करायची न्हाई. पाय सुखात पाहिजे.

वाईहून, शिक्षिका
बायकांच्या बुटांचं दुखणं निराळं आहे. बायकांसाठीचे बहुतेक बूट टाचेत आणि चवड्यात दोन्हीकडे अरुंद. माझा चवडा रुंद, टाच मात्र बारीक. पुरुषांचे बूट घेतले की पुढे आराम आणि मागे टाच उचलली जायची. पसरणी घाटात उभं राहून पेडल मारताना हे फार जाणवतं. प्रत्येक फेरीला टाच वर, आणि मोज्याच्या शिवणीखाली फोड.

मला उत्तर सापडलं ते लेसच्या बुटांत. डायलच्या (चकती फिरवून तार आवळायच्या) किंवा वेल्क्रोच्या बुटांत एकच तार किंवा पट्टा बऱ्याच भागावर ताण देतो. लेस मात्र भोकाभोकाला वेगळी ओढता येते. बोटांजवळची पहिली जोडी मी रिकामीच सोडते, पुढच्या दोन जोड्यांत लेस सैल ठेवते आणि घोट्याजवळच्या वरच्या जोड्यांत घट्ट ओढते. चवड्यावरचं कापड त्यामुळे फुगून पसरतं आणि टाच जागच्या जागी बसते. लेसची टोकं चेनमध्ये जाऊ नयेत म्हणून खोचून ठेवायची, एवढंच पथ्य.

थंडीतलंही सांगते. पाचगणीला डिसेंबरात पहाटे बोटं गारठतात म्हणून जाड लोकरी मोजे घालणारे पुष्कळ आहेत. घट्ट बुटात जाड मोजा घातला तर रक्त कमी पोचतं आणि बोटं आणखी गार पडतात. पातळ मोजा आणि बुटावरून कव्हर, हे जास्त चांगलं.

कराडहून
ताईंनी मापाचं लिहिलं ते वाचून बरं वाटलं, कारण मला दुकानात उलटंच सांगितलं गेलं होतं. "पाय रुंद आहे ना, दोन नंबर मोठा घ्या." हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो घातक आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

युरोपियन मापात एक नंबर म्हणजे दोन-तृतीयांश सेंटीमीटर, साधारण 6.7 मिलिमीटर लांबी. दोन नंबर वाढवले की बूट 13 मिलिमीटरनं लांब होतो. रुंदी त्या मानानं फारच थोडी वाढते. टाच मागे टेकली की चवडा बुटात जिथे असायला हवा त्याच्या मागेच राहतो. क्लीटची भोकं बोटांकडे जातात. मी क्लीट मागे सरकवून पार टोकाला नेली, तरी पेडलचा आस चवड्याखाली येईना. बोटांनी पेडल ढकलल्यासारखं व्हायचं. पोटऱ्या भरून यायच्या, टाचेमागची शीर दुखायची. 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, साडेतेरा तास मिळतात. त्यात उंब्रजच्या पुढे मी बूट काढून डिव्हायडरवर पाय पसरून बसलो होतो.

त्यानंतर लेक (Lake) कंपनीचे रुंद साच्यातले बूट परदेशातून येणाऱ्या भावाकडून मागवले. वरचा भाग चामड्याचा असल्यामुळे वापरून थोडा सैलावला. सिंथेटिक बूट असा फारसा सैलावत नाही. "घालून घालून होईल मोकळा" असं सिंथेटिक बुटाबद्दल कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

साताऱ्यातून, निवृत्त
मला मधुमेह आहे. आमच्यासारख्यांना बूट चावल्याचं पुष्कळदा कळतच नाही, म्हणून मला रुंद बूट ही गरज आहे. घरी आलो की तळवे, बोटांच्या फटी आरशात बघतो. लाल चट्टा दिसला तर दुसऱ्या दिवशी सायकल बंद. मधुमेही मित्रांनी आपल्या डॉक्टरांना बूट दाखवूनच घ्यावेत.

साताऱ्यातून, सायकल दुरुस्ती आणि फिटिंग करणारा
गिऱ्हाइकांचे पाय रोज बघतो, म्हणून दोन-चार गोष्टी.

बूट घेण्याआधी आतला इनसोल बाहेर काढा आणि त्यावर उभे राहा. चवडा कडेबाहेर ओघळत असेल तर तो बूट तुमचा नाही, किंमत कितीही कमी असू दे.

बूट बदलायला पैसे नसतील तर आधी क्लीट दोन-चार मिलिमीटर मागे घेऊन बघा. नसांच्या जागेवरचा दाब कमी होतो. खोगीर मग किंचित खाली घ्यावं लागतं, ते विसरू नका. शिमानोच्या रोड क्लीटमध्ये पिवळीत टाचेला आत-बाहेर 6 अंश हालचाल मिळते, निळीत 2, लालमध्ये शून्य. लाल क्लीट लावून टाच चुकीच्या कोनात अडकली की पाय बुटाच्या एका भिंतीवर दाबला जातो आणि माणूस म्हणतो बूट अरुंद आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत असे बरेच असतात.

कार्बनचा तळवा कडक, जोर वाया जात नाही, पण खडबडीत रस्त्यावर हादरे थेट पायात. पावसाळ्यानंतरच्या बामणोलीच्या रस्त्याला नायलॉनचा तळवा मला जास्त भावतो. बाँट (Bont) कंपनीचे बूट 70 अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये तापवून पायाच्या आकारात बसवता येतात आणि त्यांच्याकडे जास्त रुंद साचेही मिळतात. महाग आहेत, पण पाय खरंच अवघड असेल तर विचार करावा.

बूट रुंद झाला की तो क्रँकला (पेडल बसवलेल्या दांड्याला) घासतो का ते स्टँडवर लावून तपासा. घासत असेल तर पेडल आणि क्रँकमध्ये पातळ वॉशर पुरतो.

मेढ्याहून
सगळं वाचून काढलं, आजच पाय मोजले. डावा 10.4, उजवा 10.7, लांबी 27. पुण्याला जाण्याआधी वाइड साच्यातला 43 किंवा 43.5 एकदा घालून बघायचा आहे. साताऱ्यात कुणाकडे असेल तर सांगा, शनिवारी मोजे घेऊन येतो.