मदत हवी आहे: फोकून पेरलेल्या वाफ्यात मांजरांची घाण

रोपांच्या वाफ्याचा प्रश्न सुटतो: 5 सेंमी भोकांची कोंबडीजाळी मातीवर सपाट अंथरून कडेने यू आकाराचे खिळे ठोकले की मांजराला उकरता येत नाही. अडचण आहे ती फोकून (बी हाताने विखरून) पेरलेल्या पालेभाजीची. जाळीतून खुरपं चालत नाही आणि नंतर जाळी उचलताना कोवळी रोपंही उपटून येतात. मांजर येऊ नये म्हणून माती सतत ओलीगच्च ठेवली तर बी कुजतं. संत्र्याच्या सालींचा वास लवकर उडतो. डांबरगोळ्या सुचवू नका, त्या मांजरांना विषारी असतात. घाण झालेली माती हातमोजे घालून काढली जातेच, नाहीतर वासामुळे मांजर तिथेच परततं.

मग उगवणीपर्यंत कमानींवर जाळी ताणायची तर उंची किती? कडा किती खोल पुरायच्या? की नुसत्या काटक्या उभ्या खोचून भागतं, आणि किती अंतरावर?