घुमट दिसला, फलाट दिसला नाही

इथल्या चर्चेत एकाने म्हटलंय की ताजचा जळता घुमट टीव्हीवर दिसला म्हणून 26/11 नंतर सगळा देश एक झाला. अर्धं पटतं. पण त्या रात्री सर्वात जास्त माणसं, 58, सीएसटी स्थानकात मारली गेली. तिथला गोळीबार तासाभरात उरकला, कॅमेरे पोचेपर्यंत दाखवायला काही 'चालू' नव्हतं. ताज मात्र 29 तारखेच्या सकाळपर्यंत पडद्यावर. प्रतीक ठरायला बहुधा तेवढंच पुरतं: मागे समुद्र, पुढे ओबी व्हॅन, म्हणजे वाहिन्यांची थेट प्रक्षेपणाची गाडी.

3 डिसेंबर 2008 ला मीही गेटवेला गेलो होतो. कागदी ग्लासाला भोक पाडून खोचलेली मेणबत्ती, तिरंगे, घोषणा. खोटं नव्हतं त्यातलं काही, माझाही गळा दाटला. परतताना सीएसटीच्या लांबच्या गाड्यांच्या हॉलमधून गेलो. लोक नेहमीसारखे गाठोडी उशाला घेऊन फरशीवर आडवे. एकही मेणबत्ती दिसली नाही. कशी दिसणार, मीच माझी गेटवेला ठेवून आलो होतो!

आणि थेट प्रक्षेपणाने लोक जोडले गेले म्हणताना एक विसरू नका. तेच प्रक्षेपण बघून पलीकडचे सूत्रधार अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या कसाब निकालात वाहिन्यांना यावरून चांगलंच झापलंय. अतिरेक्यांविरुद्धच्या अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर बंदीचा नियम यायला मात्र 2015 उजाडलं.