'कल्चरली अ‍ॅप्रोप्रिएट'ला मराठीत काय म्हणाल?

शब्दवेडी: भाषांतर करतेय. विषय: न्यूझीलंडमधल्या सामोअन, टोंगन, नियुएन वगैरे पॅसिफिक समाजांसाठी मोबाइलवरची आरोग्याची साधनं 'कल्चरली अ‍ॅप्रोप्रिएट' हवीत. 'सांस्कृतिकदृष्ट्या योग्य' लिहिलं नि अडले. योग्य कोण ठरवणार? 'अनुरूप' म्हटलं तर थेट वधूवर सूचक मंडळ!

कुडाळकर: 'मानवणारी' लिहा की. पाणी मानवतं, हवा मानवते, एखादं औषध मानवत नाही. त्यात दोष ना औषधाचा, ना माणसाचा.

शब्दवेडी: पण मानवतं ते अंगाला. संस्कृतीला कसं?

कुडाळकर: 'त्याला मुंबई मानवली नाही' म्हणतोच ना?

ऑकलंडची आत्या: कुडाळकरांशी सहमत. आमच्या शेजारच्या टोंगन घरात एकच टॅब्लेट, तोही बैठकीच्या खोलीत चार्जिंगला. टोंगन रीतीत बहीणभाऊ, अगदी चुलत-मावस धरून, एकमेकांसमोर शरीरसंबंधांचा विषय काढत नाहीत. गर्भाशयमुखाच्या तपासणीचा व्हिडिओ तिथे आपोआप वाजायला लागला, की भाऊ उठून बाहेर. शब्द अस्सल टोंगन असले तरी! शिवाय तिकडे 'फोनोफाले' नावाची आरोग्याची मांडणी आहे: कुटुंब हा घराचा पाया, संस्कृती हे छप्पर, मधे चार खांब. शरीर हा त्यातला एक खांब. नुसती पावलं मोजणारं अ‍ॅप तेवढ्या एकालाच टेकून उभं.

शंकासुर: मानवलं म्हणजे गुण आला असं नाही हं. माओरी आणि पॅसिफिक समाजांना बरोबर घेऊन, त्यांना मानवेल असं बेतूनच 'ओला-ओरा' अ‍ॅप केलं होतं. (दोन्ही शब्दांत जीवन आणि आरोग्य, 'ओला' सामोअन, 'ओरा' माओरी.) २०१९ मध्ये चाचणीचे निष्कर्ष आले. धूम्रपान, दारू, फळं-भाज्या, व्यायाम या सवयींत १२ आठवड्यांनी तुलनेच्या गटापेक्षा फरक दिसला नाही. भाषांतरात 'मानवणारं' आणि 'गुणकारी' यांची गल्लत करू नका.

शब्दवेडी: नेमकी तीच केली होती, दुसऱ्याच परिच्छेदात. खोडते. आता 'तलानोआ'चं सांगा, म्हणजे पॅसिफिक समाजांतल्या मोकळ्या बोलण्याच्या रीतीचं. 'तला' म्हणजे सांगणं, 'नोआ' म्हणजे विशेष असं काही नाही. 'गप्पा' चालेल?

कुडाळकर: आमच्याकडे 'गजाली'!

ऑकलंडची आत्या: गजालीत मोकळेपणा आला, पण तलानोआत समोरच्याचा मान राखणंही असतं. पारावरच्या गजालीत तुम्ही कुणाचा मान राखता, कुडाळकर?

कुडाळकर: चहा सांगणाऱ्याचा.

शब्दवेडी: 'तलानोआ' तसाच ठेवते.