मदत हवी आहे: धाकट्याला गेमची प्री-ऑर्डर करून द्यावी का?

नमस्कार मंडळी. वरूड तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. घरी संत्रा, थोडी तूर. धाकटा भाऊ अमरावतीला डिप्लोमा करतो, होस्टेलवर राहतो. त्याचा पीसी मात्र घरी, बैठकीत, इन्व्हर्टरला जोडलेला. (इन्व्हर्टर पीसीसाठी घेतलेला नाही, असं आई प्रत्येक पाहुण्याला सांगते.)

पुढच्या महिन्यात एक मोठा गेम येतोय. तो स्टीमवर (पीसीचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान) आत्ताच घेऊन ठेवायचा, म्हणजे प्री-ऑर्डर करायचा, असा त्याचा हट्ट. ४,००० रुपयांच्या आसपास. आधी घेतला की नायकाचा वेगळा पोशाख आणि एक तलवार फुकट. "दादा, नंतर हे भेटत नाही," रोज फोनवर हेच. पैसे माझ्या खात्यातून जाणार.

गेल्या आठवड्यात आंबिया बहाराच्या संत्र्याचा सौदा करायला व्यापारी आला होता. दीड तास बागेत फिरला. झाडाखालची फळं पायाने सारून गळ किती झाली ते पाहिलं, दोन फळं कापून चाखली, मग इसार दिला. बाकी तोडणीला. संध्याकाळी बाबांनी गेमचं ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "अन् तुमी बाग न पायताच पुरे पैसे देऊन रायले?"

मला उत्तर सुचलं नाही.

डिस्क मर्यादित असायच्या तेव्हा आधी नाव लावणं समजू शकतो. त्यातही मी एकदा फसलोय. तालुक्याच्या दुकानात "माल संपते" म्हणून ५०० रुपये आधी भरले, डबा उघडला तर आत डिस्कच नाही, कोड छापलेला कागद. पण डाउनलोडचा गेम संपणार कसा?

सायबरपंक २०७७ या गेमचं वाचलं. १० डिसेंबर २०२० ला आला, त्याआधीच ८० लाख प्री-ऑर्डर झालेल्या. परीक्षण करणाऱ्यांना आधी फक्त पीसीची प्रत दिली होती, त्यामुळे सोनीच्या प्लेस्टेशन ४ या गेमयंत्रावर तो किती अडखळतो हे घेणाऱ्यांनाच आधी कळलं. आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन स्टोअरवरून काढला, पैसे परत देऊ केले. परत यायला जून २०२१ उजाडला. आणि गेम बनवणाऱ्या कंपनीने तर तेव्हाच जाहीर केलं होतं की प्री-ऑर्डरच्या उत्पन्नातूनच बनवण्याचा खर्च निघाला. पुढे त्यांनी तो दुरुस्त केला म्हणा, पण घाई कशाच्या जोरावर होते ते दिसलं.

तरी एक शंका आहे. प्री-ऑर्डर केली की गेम आधीच उतरवता येतो म्हणतात. आमच्याकडे मोबाईलचा रोजचा २ जीबी डेटा, आणि हा गेम ११० जीबीचा. मग आमच्यासारख्यांनी प्री-ऑर्डर करणंच बरं नाही का? आणि नाही आवडला तर पैसे परत मिळतात का?

प्रतिसाद १

भाऊ, मी आर्वीकडचा. उलट आहे, तुमच्यासारख्यांनीच करू नये.

स्टीमचा नियम असा की गेम यायच्या आधी प्री-ऑर्डर कधीही रद्द करा, पैसे परत. गेम आला की त्या तारखेपासून १४ दिवस, आणि खेळलेला वेळ २ तासांच्या आत पाहिजे. वायफायवाल्याला हे भरपूर झालं. तुमचा हिशेब करा. १४ दिवसांत २८ जीबी उतरणार, पुरा गेम उतरायला ५५ दिवस. म्हणजे गेम एकदाही सुरू व्हायच्या आत परतीची मुदत खलास. प्रीलोडचं, म्हणजे आधीच उतरवून ठेवण्याचं म्हणाल तर तो बहुतेक वेळा शेवटच्या दोन-चार दिवसांतच उघडते. त्यात तुमच्या पदरात ८ जीबी.

मी काय करतो सांगू? गेम येऊ देतो, आठ-दहा दिवस लोकांच्या शिव्या वाचतो. तुमचा भाऊ शनिवारी घरी येणार असेल तर शुक्रवारी रात्री होस्टेलवरून घ्या, तिथे वायफाय असेल तर. कोण्या मित्राच्या लॅपटॉपवर उतरवून बाहेरच्या हार्डडिस्कमध्ये भरा. घरी पीसीला जोडून स्टीमला ते फोल्डर दाखवलं की फायली ओळखते, राहिलेलं किरकोळ मोबाईलवर होऊन जाते. पहिल्या दीड तासात कळते चालते की नाही. फक्त त्याला सांगा, गेमचा मेनू उघडा टाकून जेवायला बसायचं नाही. २ तासांचं घड्याळ चालूच राहते.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, पण सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. बाल्डर्स गेट ३ ऑक्टोबर २०२० पासून अर्धवट अवस्थेत विकला गेला, पूर्ण आला ऑगस्ट २०२३ मध्ये. पण पैसे देणाऱ्याच्या हातात पहिला भाग खेळायला होता आणि त्याच्या तक्रारींवरून पुढचं काम झालं. त्याला मी प्री-ऑर्डर म्हणणार नाही. नो मॅन्स स्काय २०१६ मध्ये आला तेव्हा बोललेलं बरंच काही त्यात नव्हतं, नंतर वर्षानुवर्षं फुकट भर पडत गेली. पहिल्या दिवशी घेणाऱ्याने पूर्ण भावात अर्धी वस्तू घेतली, उशिरा आलेल्याने सेलमध्ये पूर्ण.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. १४ दिवसांचं डोक्यातच आलं नव्हतं. रात्री भावाला फोन केला, ५५ दिवसांचा हिशेब सांगितला. थोडा वेळ गप्प, मग म्हणे, "म्हणजे पोशाख गेला." गेला. विशलिस्टमध्ये टाकून ठेवलाय.

आता तो हार्डडिस्कच्या मागे लागलाय. घरात १ टीबीची जुनी, फिरणाऱ्या तबकडीची पडून आहे. तिच्यावरूनच गेम चालवता येईल, की पीसीच्या एसएसडीवर (आतल्या वेगवान डिस्कवर) कॉपी करावा लागेल? तेवढं सांगा.