मदत हवी आहे: मोहल्ल्यात अवयवदानाचं बोलायचंय, पण 'मय्यत कधी देणार?' याला उत्तर काय?

मी परभणीचा, शिक्षक. मामूंचं दोन वर्षांपासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. त्यासाठी डाव्या हातावर फिस्टुला (रक्तवाहिन्यांची जोडणी) केलाय, त्यावर बोट ठेवलं की आत काहीतरी घरघरतं. माझ्या धाकटीला त्याचं फार कौतुक. अम्मी किडनी द्यायला तयार होती, पण तिला शुगर निघाली. आता नाव संभाजीनगरच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयव वाटप करणाऱ्या विभागीय केंद्राच्या, यादीत आहे.

दर जुम्याला मामूंसाठी दुआ होते आणि सगळे आमीन म्हणतात. ती किडनी कुणाच्यातरी मय्यतीतून येणार, हे मात्र कुणी काढत नाही. मागच्या जुम्याला मीच काढलं. मौलाना म्हणाले, शरीर अमानत आहे, अल्लाहनं दिलेली ठेव, उलेमांत मतभेद आहेत. मी १९८८ चा जेद्दाहच्या फिक्ह (इस्लामी कायदा) अकादमीचा ठराव सांगितला, त्यात अटींसह परवानगी आहे. ते चिडले नाहीत, वाचतो म्हणाले. घोडं अडलं ते दुसरीकडेच. एका चाचांनी विचारलं, "मास्तर, ते ठीक. मय्यत हातात कधी देणार? गुसल (दफनाआधीची आंघोळ) नीट देता येईल का?"

माझी बोलतीच बंद. ब्रेनडेड (मेंदू कायमचा थांबलेला) ठरवायला चार डॉक्टर लागतात, दोनदा तपासतात, मध्ये किमान सहा तास जातात, एवढंच मला माहीत. आपल्यात तर दफनाची घाई. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी सांगा, पुढे किती वेळ जातो?

गोदाकाठ: अवयवदान कोऑर्डिनेटरचं काम केलंय म्हणून सांगतो, तासांचं वचन देऊ नका. यादीतले पेशंट बोलावणं, टीम येणं, यात दिवस जाऊ शकतो. अपघात असेल तर पोस्टमॉर्टेम वेगळं. शरीर मात्र टाके घालून, स्वच्छ करून देतात, गुसल देता येतं. आणि फॉर्म भरलेला असला तरी शेवटी घरच्यांनाच विचारतात, त्यामुळे बायकांशीही बोला, नुसतं मशिदीत बोलून भागणार नाही. माझं ऐकाल तर सुरुवात नेत्रदानापासून करा. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, घरीच येऊन, पंधरा-वीस मिनिटांचं काम. जनाजा अडत नाही.

धागाकर्ता: हे चाचांना पटेल. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल तर चालतं का?

गोदाकाठ: चालतं. चाचांचंच झालंय ना?

धागाकर्ता: दोन्ही डोळ्यांचं.